बेनिग्ना बटाटेवालीची पदवी

बोलिव्हियातल्या कोचाबांबाच्या बाजारात बेनिग्ना चोके आणि मी सव्वीस वर्षं खेटून बसतो. ती बटाटे विकते, मी कांदे. माझ्या कांद्यांची सालं तिच्या बटाट्यांवर उडतात, यावरून आमचं रोज एकदा तरी वाजतं. त्याशिवाय दोघींनाही जेवण जात नाही.

तिचा पोरगा एदील. त्याने ‘व्यवसाय प्रशासन’ नावाचं काहीतरी शिकून पदवी घेतली. पाच वर्षांचं शिक्षण त्याने सात वर्षं पुरवून पुरवून केलं आणि मग एका कचेरीत चिकटला. आमच्याकडे पदवीवाल्याला नावाने हाक मारत नाहीत, लिसेन्सियादो म्हणतात. बाई असेल तर लिसेन्सियादा. एदील तर घरी जेवायला बोलावलं तरी त्याशिवाय ओ देईना. पगार महिना तीन हजार बोलिव्हियानो. तेवढे बेनिग्ना पंधरा दिवसांत कमवायची, तेही बसून, गालात कोकाची पानं धरून.

एका रविवारी तो गाळ्यावर आला, बटाट्यांच्या ढिगाकडे दयेने बघितलं आणि म्हणाला, “आई, तुला बाजार कळत नाही.”

मी हातातला कांदा खाली ठेवला.

“काय कळत नाही?” बेनिग्नाने विचारलं.

“बाजार गं. मागणी, पुरवठा. ते शिकावं लागतं.”

“आणि मी इथे तीस वर्षं काय करतेय? कोंबड्या राखतेय?”

“तू नुसती विकतेस. समजून कुठे घेतेस?”

बेनिग्नाने त्याला चार किलो बटाटे बांधून दिले, गालाचा मुका घेतला आणि वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सेवेरिना, त्या विद्यापीठात असं काय ठेवलंय ते मी जरा बघून येते.”

मला वाटलं, दुपारपर्यंत येईल. आठ वर्षं लागली.

आधी दोन वर्षं प्रौढांच्या शाळेत जाऊन बारावी केली. मग प्रवेश परीक्षा. पहिल्या खेपेला आपटली, दुसऱ्या खेपेला लागली. सकाळी बटाटे, संध्याकाळी वर्ग. वय त्रेपन्न. पहिल्या दिवशी ती घोळदार पोयेरा घागरा नेसून, डोक्यावर हॅट घालून वर्गात शिरली तर पोरांना वाटलं, बाई सालतेन्या, म्हणजे रश्श्याच्या करंज्या, विकायला आलीय. तिघांनी मागितल्या. दुसऱ्या दिवशी ती खरंच घेऊन गेली. पंचवीस खपल्या.

अर्थशास्त्र शिकवायला आर्तेआगा नावाचा तिशीतला लिसेन्सियादो होता. त्याने फळ्यावर लिहिलं आणि म्हणाला, “समजा, बटाट्याचा भाव पाचावरून सहावर गेला. मागणीचं काय होईल?”

बेनिग्नाने हात वर केला. “कुठला बटाटा?”

“कुठलाही.”

“कुठलाही कसा? इमिया की वाइचा? वाइचा पाचाला कोण देतं तुम्हाला?”

“बाई, समजा की जगात एकच बटाटा आहे.”

“मग सहा कसे? सहाशे होतील.”

वर्ग हसला. आर्तेआगाने खडू बदलला. बेनिग्ना थांबते कुठली! “आणि गिऱ्हाईक कुणाबरोबर आलंय तेही सांगा. नवऱ्याबरोबर आलेली बाई घासाघीस करते. एकटी आलेली मुकाट्याने घेते. सासू बरोबर असेल तर घेतच नाही.”

पहिल्या परीक्षेत तिला शंभरात चौतीस मिळाले. पास व्हायला एक्कावन्न लागतात. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही, गिऱ्हाइकाशीसुद्धा. गिऱ्हाइकं खुणेनेच बटाटे घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या कांद्यांच्या खोक्यावर खडूने रेघा उमटायला लागल्या: एक खाली जाणारी, एक वर चढणारी.

“जिथे कापतात तिथे भाव,” ती म्हणाली.

“आणि आपण कुठे?”

“आपण खोक्यापाशी. गप बस आणि कांदे वीक.”

पण शिकली बरं का. हळूहळू गुणांची पन्नाशी, साठी गाठली. पोरंपोरी तिला मानाने दोन्या बेनि, म्हणजे बेनिबाई, म्हणायची, तिच्याकडून सालतेन्या खायची आणि तिला गणितं समजावून द्यायची.

शेवटी प्रबंधाची वेळ आली. मापावर आम्ही जे वर घालतो त्याला यापा म्हणतो. किलोवर दोन बटाटे, मूठभर शेंगा, जे असेल ते. बेनिग्नाने विषय घेतला, ‘यापा आणि गिऱ्हाइकाची निष्ठा’. चौदा महिने तिने तीनशे गिऱ्हाइकांची वही ठेवली. कुणाला वर तीन बटाटे, कुणाला एक, कुणाला शून्य. शून्यवाले माझ्याकडे येऊन तिला शिव्या घालायचे. त्याही मी तिला शब्दशः उतरवून दिल्या. त्या परिशिष्टात छापल्यात.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला आम्ही नऊ गाळे बंद करून गेलो. समोर तीन परीक्षक, त्यांतला एक आर्तेआगा. बेनिग्ना पाऊण तास बोलली. मग पांढऱ्या मिशीवाल्या डॉक्टरांनी विचारलं, “दोन्या, तुमची सैद्धांतिक चौकट कोणती?”

“लाकडी. पण ती गाळ्यावर राहिली.”

आम्ही खिदळलो. मग तिने खरं उत्तर दिलं. त्यात चार नावं होती, चारही परदेशी, आणि मिशीवाल्याची मान डोलायला लागली.

तिघांनी बाहेर जाऊन खलबत केलं, परत आले आणि मिशीवाला उभा राहून म्हणाला, “सत्तर गुण. अभिनंदन, लिसेन्सियादा.”

आम्ही रंगीत कागदाचे तुकडे उधळणार, तेवढ्यात बेनिग्नाने हात वर केला. “सत्तर? डॉक्टर, जरा माल बघून बोला.”

“दोन्या, गुण म्हणजे बटाटे नव्हेत.”

“तेच म्हणते मी. बटाटे सडतात तरी. बरं, सत्तर तर सत्तर. वर काय घालता?”

मिशीवाल्याने नियमांचं पुस्तक चाळलं. “असं काही नियमात नाही.”

“यापा नियमात कधीच नसतो. माझ्या प्रबंधाचं पान चोवीस.”

एवढं बोलून तिने शांतपणे आपली शाल घडी केली, खांद्यावर टाकली आणि दाराकडे चालू लागली. आम्ही बाजारच्या बाया श्वास रोखून बसलो. ही चाल गिऱ्हाइकं आमच्यावर रोज खेळतात. दाराच्या अलीकडे हाक येते की पलीकडे, एवढाच प्रश्न असतो.

तिसऱ्या पावलाला आर्तेआगा ओरडला, “अहो या, या! बहात्तर घ्या!”

“पंचाहत्तर.”

“त्र्याहत्तर, आणि आता एक शब्द नको!”

“द्या,” बेनिग्ना म्हणाली.

पदवी मिळाल्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीने तिला नोकरीवर घेतलं. पगार अठ्ठावीसशे, पोरापेक्षा कमी. पहिलं काम मिळालं: बाजारच्या बाया आपल्याकडून कर्ज का घेत नाहीत, याचा अहवाल लिहा. तिने लिहिलं, ‘व्याज जास्त आहे आणि खिडकीवरचा माणूस उर्मट आहे.’ साहेबाला चाळीस पानं हवी होती. खिडकीवरचा माणूस शेजारच्याच टेबलावर बसायचा. चौथ्या दिवसापासून ती अख्ख्या कचेरीच्या बटाट्यांची मागणी टिपून घ्यायला लागली, दहाव्या दिवशी साहेबांनीही एक पोतं सांगितलं, आणि बाराव्या दिवशी ती माझ्या शेजारी परत.

“खुर्ची मऊ होती गं,” ती म्हणाली, “पण भांडायला कुणी येईचना.”

एदील महिनाभर फुगून बसला. मग एक दिवस आपला अहवाल आईकडे तपासायला घेऊन आला. आता दर आठवड्याला आणतो. त्याचा पगार चौतीसशे झालाय. वरचे चारशे आपले, असं बेनिग्ना म्हणते; तो अजून देत नाही.

मी एकदा तिला सरळच विचारलं. “आठ वर्षं गेली, गुडघे गेले, सुट्टीचा एक रविवार धड मिळाला नाही. हाती काय लागलं?”

तिने समोरच्या बाईचे बटाटे तोलले, वर दोन घातले, बाईला जाऊ दिलं. “पैशाचं म्हणशील तर काही नाही. पूर्वी जेवढं मिळायचं तेवढंच मिळतं.”

“मग?”

“पूर्वी वाटायचं, आपल्याला काही कळत नाही म्हणून आपण इथे बसलोय. आता मला कळतं, आणि तरी मी इथे बसलेय.”

“म्हणजे बसलेलीच ना?”

“हो, पण ऐटीत.”

मी निरखून पाहिलं. मला थोडी जाड झालेली दिसली, बाकी काही नाही. पण परवा भर दुपारी बटाटे निवडता निवडता ती गाणं म्हणत होती. सव्वीस वर्षांत मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज वाईट आहे.

यंदापासून आर्तेआगाने तिला दर गुरुवारी एक तास शिकवायला बोलावलंय. मानधन इतकं की जाण्यायेण्याचं भाडं आणि वाटीभर शेंगदाण्याचं सूप भागतं, आणि तेही तीन महिने उशिरा येतं. ती मात्र बुधवारीच हॅट झटकून ठेवते. गुरुवारी तिचा गाळा माझ्या गळ्यात. मला बटाट्यांची नावं येत नाहीत, मी सगळ्यांना ‘चांगला बटाटा’ म्हणून विकते.

गेल्या गुरुवारी तिने वर्गातली अकरा पोरं थेट माझ्याकडे पाठवली. प्रात्यक्षिक म्हणे: सेवेरिनाबाईंशी कांद्याचा भाव करा. पहिला चष्मेवाला पुढे आला, वहीत बघून म्हणाला, “दोन्या, तुमची अंतिम किंमत काय?”

“सात.”

“आभारी आहे,” म्हणाला, आणि सात देऊन चालू लागला.

“अरे ए लिसेन्सियादो!” मी ओरडले. “भाव कर की! मला शिवी दे, कांदा सडका आहे म्हण, काहीतरी म्हण!”

“पण चांगला आहे ना कांदा.”

अकरांतले नऊ मी नापास केले. बेनिग्ना परत आल्यावर यादी वाचून म्हणाली, “सेवेरिना, थोडी ढिली सोड गं. आईबाप पैसे भरतात त्यांचे.” मी म्हटलं, एकही गुण वाढणार नाही. सध्या आमचं त्यावरून वाजतंय.