घूस धरणारा माणूस

संस्थान विलीन झालं, त्यानंतर दोनतीन वर्षांनी त्याहून गंभीर घटना घडली, ती आज जाहीर करतो: राजारामपुरीत आमच्या घरमालकीण आक्कांच्या हिरवळीखाली घुशींनी आपलं राज्य स्थापलं.

ते मोडायला एक माणूस यायचा. त्यानं नाव कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बिळाशी कान लावून तो हळूच म्हणायचा, "पावणं, हायसा का घरात?" मग पिंजऱ्यात तेल लावलेला भाकरीचा तुकडा अडकवायचा आणि आम्हालाच दटावायचा, "पिंजरा म्हनू नगासा. तिला समजतंय."

आक्का जैन. घूस सापडली की ती जिवंत सुटल्याचा निरोप येईपर्यंत त्या अन्नाला शिवत नसत, आणि सूर्य मावळल्यावर तर जेवणच नाही. मला मात्र दाट संशय होता, की कोपऱ्यावर वळताच हा घुशीला संपवतो. एकदा घूस सापडायलाच संध्याकाळ झाली. मी सायकलवरून गुपचूप त्याच्या मागे गेलो.

माळावर त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. घूस हलेना. त्यानं पिंजरा तिरपा केला, गवताची काडी टोचली, शेवटी स्वतःच्या फडक्यातली भाकरी मोडून दारात ठेवली. घूस आतच. सूर्य डोंगराला टेकला. झाडाआड उभ्या उभ्या मला माझ्या संशयाची लाज वाटू लागली.

तेवढ्यात त्यानं पिंजऱ्यापुढं हात जोडले आणि तो मोठ्यानं ओरडला, "बाहीर ये की गं बये, तिकडं आक्का उपाशी ऱ्हात्याल!"