ओल्या हातात बसलेली मूठ

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात नवी सुरी दाखल झाली असून तिच्या पात्याकडे कोणीही भुलून पाहू नये. आधी मूठ पाहावी. घरातले अर्थातच हसले. मी मात्र गांभीर्य न सोडता ती कलिंगडात घातली, आणि करकर आवाजापाठोपाठ तो गार, हिरवट-गोड वास आला. त्या वासासरशी वरवंडची मावशी डोळ्यांपुढे उभी राहिली.

मावशीचं दुकान म्हणजे सोलापूर रस्त्याच्या कडेला चार बांबू आणि वर उसाचं पाचट. ती कलिंगड कापायला लागली की गिऱ्हाईक खायचं विसरून बघत राहायचं. मग एका हिवाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, पण बोटांची पकड अर्धीच आली. उन्हाळ्यात रसानं सुरी निसटली आणि डावा तळहात चिरला. तिच्या मुलानं फर्मान काढलं, पुन्हा एकदा सुरी सुटली की दुकान बंद. पोटात काळजीच होती त्याच्या. मावशीला मात्र ती शिक्षा वाटली.

अशा प्रसंगी माझ्यासारखा हौशी भाचा गप्प बसेल? मी मोबाइलवरून झोकदार घडीचा चाकू मागवला. तिनं तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"ह्यो तर मधीच मोडतुया. ह्याच्या भरवशावर कलिंगड कापू व्हय मी?"

शेवटी आम्ही शिरूरच्या बाजारात एका लोहारणीपुढे जाऊन बसलो. मावशीनं पिशवीतून डबा काढला. डब्यात कलिंगडाची फोड!

"आक्का, खायला आलाय का सुरी घ्यायला?" लोहारीण म्हणाली.

"कोरड्या हाताला समद्याच मुठी बऱ्या वाटत्यात, बाई."

आणि तिनं ती फोड सरळ उजव्या मुठीत कुस्करली. भर बाजारात कोपरापर्यंत रस! त्याच हातानं एकेक सुरी धरणं सुरू झालं. पितळी मूठ चकाकली आणि सटकली. प्लास्टिकची बोटांत फिरली. मग बाभळीची एक आली. मध्ये पोट सुटलेली, पुढं बोटं अडायला उंचवटा, पात्याचं शेपूट मुठीत शेवटपर्यंत गेलेलं. लोहारणीनं पात्याला गोणपाट गुंडाळलं आणि मावशी मला म्हणाली, "वढ." मी सगळा जीव लावून ओढलं. गोणपाट माझ्या हातात आलं, मी मागच्या कांद्यांच्या ढिगात जाऊन बसलो. सुरी मावशीच्याच मुठीत होती.

काळ माणसाच्या हातातून बरंच काही काढून घेतो, हे मला मान्य आहे. पण जी पकड उरते तिला जुळणारी मूठही कुठंतरी कुणीतरी घडवत असतं, यावर त्या कांद्यांत बसल्या बसल्या माझा विश्वास बसला, तो आजतागायत उठलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा हाताची घडी घालून दुकानासमोर उभा राहिला. मावशीनं पहिलं कलिंगड कापलं. दुसरं. तिसऱ्याला रस मनगटावरून ओघळत होता. सुरी हलली नाही. मुलाच्या हाताची घडी कधी सुटली ते त्यालाही कळलं नसावं. समोरून एक टेम्पो येत होता. हा पठ्ठ्या धावत रस्त्याच्या कडेला गेला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "ओ पावणं, गाडी कडंला घ्या! आमची आई कापतीया!"