पाळण्यासाठी थांबलेला टेम्पो

त्या सकाळी मी प्रभूशी कडाकडा भांडले. गुडघे टेकून नव्हे, भाताचा कुकर लावता लावता. म्हटलं, बास झालं, मला नाही जमत आता. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बाहेर, उसाच्या रानांना लागून असलेल्या दोन खोल्यांत मी ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी पाळणाघर चालवते. आईबाप फडात गेले की संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस पोरं माझ्या गळ्यात. एकाच्या नाकाला शेंबूड, दुसऱ्याची चड्डी ओली, तिसरी उसाचं कांडं चघळत रस्त्याकडे पळालेली. मदतीला ठेवलेली मंदा कधी कुणाचं डोहाळजेवण, कधी कुणाचं बारसं काढून गायब. त्या दिवशी बारसं होतं. चर्चची कमिटी पाण्याची टाकी देणार म्हणून गेल्या नाताळापासून सांगतेय. टाकी काही आली नाही, ‘प्रार्थना करत राहा’ एवढं मात्र दर रविवारी न चुकता येतं. प्रार्थना करून करून माझ्या तोंडाला फेस आला होता!

मुळात कुणावर काही सोपवणं माझ्या स्वभावात नाही. मंदाने घासलेलं भांडं मी परत विसळते. प्रभूवर माझा विश्वास आहे, पण त्यालासुद्धा मी सारख्या सूचना देत असते. हे असं कर, ते तसं कर, आणि जरा लवकर कर.

दुपारी पोरांना जेवू घालून आडवं केलं, तर छकुलीचं अंग हाताला चटका बसावा असं तापलेलं. छकुली म्हणजे सारजाची दीड-दोन वर्षांची मुलगी. कपाळावर ओली पट्टी ठेवते न ठेवते तोच तिला झटके आले. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, ओठ निळे पडायला लागलेले. मी सारजाला फोन लावला, तो बंद. टोळीच्या मुकादमाला लावला, तो उचलेना. टोळी आज कुठल्या फडात गेली, देवाला ठाऊक. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. चर्चचे पाळकसाहेब नगरला सभेला. आपल्याला गरज पडली की अख्खी दुनिया सभेला जाते.

पोरीला छातीशी धरून मी रस्त्यावर धावले. मागे दारात बाकीची पोरं भोकाड पसरून उभी, आणि रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर सुसाट. पुढे जावं तर ही पोरं रस्त्यावर येणार. मागे फिरावं तर ही हातातली जाणार. तेवढ्यात एक टेम्पो करकचून थांबला. मागे लोखंडी दांडे, रंगीबेरंगी पाळणे लादलेले. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, “ओ ताई, हितं पाळन्याचं काम हुतं का? आमचं बेअरिंग गेलंय.”

मला काही कळेचना. मग पाटीकडे लक्ष गेलं. महिन्यापूर्वी एका ट्रॅक्टरने धडक देऊन पाळणाघराच्या पाटीतलं ‘घर’ तोडून नेलं होतं. राहिलं होतं नुसतं ‘पाळणा’. ती पाटी दुरुस्त करा म्हणून मी कुणाकुणाचं डोकं खाल्लं असेल! आणि हा जत्रेत गोल फिरणारे पाळणे लावणारा बाबा ते वाचून बेअरिंग बसवून घ्यायला आला होता.

“कसलं बेअरिंग घेऊन बसलात! लेकरू चाललंय माझं!” मी ओरडले.

त्याची बायको झटकन खाली उतरली. “आना इकडं. श्रीरामपूरला नेतो.” मी चढायला गेले, तर तिने दाराकडे बोट दाखवलं. “त्या लेकरांला कोन बघंल? तुमी थांबा. आमी हाय की.”

दोन मिनिटांपूर्वी जिला पाहिलंही नव्हतं, तिच्या हातात मी सारजाची मुलगी दिली. दिली कसली, माझी बोटं सुटेनात, ती तिनेच सोडवली. प्रार्थनेचे शब्दसुद्धा आले नाहीत. ‘प्रभू’ म्हटलं, पुढे काही सुचेना. टेम्पो धुरळा उडवत गेला आणि मग डोक्यात लख्ख उजाडलं. नाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही, गाडीचा नंबरसुद्धा बघितला नाही. माहितीतल्या दवाखान्यांत फोन केले. असं लेकरू आमच्याकडे आलेलं नाही, म्हणाले. नको नको ते मनात यायला लागलं. मी पोरांना खिचडी भरवत होते आणि दर गाडीच्या आवाजाला दाराकडे धावत होते.

संध्याकाळी सारजा आली. “छकुली कुठं हाय, बाई?” मी सगळं सांगितलं. “कुनाकडं दिली?” माहीत नाही. “नाव काय त्येंचं?” विचारलं नाही गं. तिच्या हातातला कोयता खाली पडला आणि ती उंबऱ्यातच बसली. आता ही शिव्या घालेल, माझ्या झिंज्या धरेल, असं वाटलं. पण ती नुसती रस्त्याकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे सूचना उरल्याच नव्हत्या. प्रभूला म्हटलं, बाबा, माझ्या हातात काही नाही, जे आहे ते तुझ्याच हातात.

दिवेलागणीला टेम्पो आला. त्या बाईच्या मांडीवर छकुली, हातात अर्धं बिस्कीट. “ताप चढल्यानं झटके आल्ते, म्हनले डाक्टर. लई येळ ठिवून घेतलं, मग सोडलं. हे अवशद. गोड पोर हाय, पन माझ्या गळ्यातली पोत तोडली की वो हिनं!” मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. या वेळी मात्र आधी तिचं नाव विचारलं. “बेबी,” ती म्हणाली.

ते गेल्यावर मी सारजाला म्हटलं, “एका शब्दाने बोलली नाहीस गं मला. कुण्या परक्याच्या हातात तुझं लेकरू दिलं मी.”

तिने छकुलीला खांद्यावर सरकवलं. “दुसरं काय करनार हुता? आन् तुमचं तरी नाव कुठं ठावं हाय मला, बाई? सोडतेच की रोज तुमच्यापाशी.”

ज्या भीतीने मी एक दुपार मेले, ती ही बाई रोज सकाळी गिळते आणि कामाला जाते. आणि मी मात्र ‘उशीर का केलास’ म्हणून दारातच तिच्यावर डाफरते.

टाकी अजून आलेली नाही. मंदा दुसऱ्या दिवशी बारशाचे पेढे घेऊन आली आणि माझी बोलणी खाऊन गेली. चिडचिड काही जायची नाही माझी, ती प्रभूलाही माहीत आहे. पण आता लेकरू हातात घेताना आधी त्याच्या आईला माझं नाव सांगते. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की प्रभूला म्हणते, सोडते तुझ्यापाशी. मग मला झोप लागते.