निडीच्या दिलीपचा उंच अँटेना

रेडिओवाल्या मंडळींनो, आज खरं बोलतो. निडीचा दिलीप रोज हॅम रेडिओवर लांबलांबच्या लोकांशी गप्पा मारतो आणि मी इकडे वरसे गावात बसून जळतो. त्याचा अँटेना तीस फुटांवर, माझा गच्चीच्या कठड्याला.

म्हणून आज सकाळी लोखंडी पाइप जोडून खांब केला. दिलीपपेक्षा दोन फूट जास्तच. अंगणात उभा करणार, तेवढ्यात पायरीवर तांदूळ निवडत बसलेली बायको म्हणाली, "आधी आडवा घाला. पडला तर कुठवर जाईल ते तरी बघा."

चिडून आडवा घातला. टोक कुंपणाबाहेर, विजेच्या तारांच्याही पलीकडे गेलं.

"पडताना तारेला लागला असता, आणि धरून तुम्ही उभे," ती म्हणाली. मी पाइपावरचा हात काढून घेतला.

दिलीपला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "मी पण आडवा घालूनच जागा धरली रे. आमच्या मागं नुसती भाताची शेतं हायत, तार नाय."

पाइप सोडवून ठेवले. आता त्याच्या अँटेनावर नाही, त्याच्या घरामागच्या मोकळ्या आभाळावर जळतोय.

तुमचा खांब आडवा झाला तर कुठवर पोचेल?