अडथळा क्रमांक एक

माझा दादा जमिनी मोजतो. तीस वर्षं झाली मोजणीदार आहे. कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत किती बोटं शिरलीय, हे तो लांबून नुसतं बघून सांगतो. पण घरातली बायको सोडून जायला निघालीय हे कळायला, तिला बदलीचं पत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवावं लागलं.

वहिनी ग्रंथालयात कामाला आहे. बदली चारशे किलोमीटरवरच्या शाखेत, आणि ती तिने स्वतः मागून घेतलेली. जायचं होतं एकटीलाच. तिने दादाला सांगून टाकलं की समुपदेशक बाईंकडे तीन वेळा जाऊ, काही फरक पडला तर पडला, नाही तर मी निघाले. दादा "बरं" म्हणाला. त्याचं हे असंच. घराला आग लागली तरी आधी "बरं" म्हणेल, मग बादली शोधेल.

पहिल्या भेटीत तासभर वहिनी बोलली आणि दादा पंख्याकडे बघत बसला. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या दोघांत फार अंतर पडलंय." झालं! तासाभरात माझ्या भावाला समजलेलं हे एकच वाक्य. त्याने खिशातून वही काढली आणि विचारलं, "किती?"

बाईंना वाटलं, माणूस फार खोल बोलतोय. म्हणाल्या, ते तुम्ही दोघांनीच शोधायचं. अहो, असलं काम आमच्या दादाला सांगायचं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून घराची मोजणी सुरू. सोफ्याशेजारी तिपाई, तिपाईवर दुर्बीण. दर अर्ध्या तासाने आपण कुठे, बायको कुठे, याची नोंद. पलंगावर उशांच्या मधे टेप. वहिनी भाजी चिरत असली की हा दारात उभा राहून म्हणायचा, जरा हलू नकोस. एकवीस वर्षांत त्याने तिच्याकडे एवढं टक लावून पाहिलं नव्हतं, म्हणून की काय, ती चक्क हलायची नाही. टेपची डबी घेऊन पलीकडे जायला आणि आकडा वाचायला हाताखालचा माणूस घरी कुठून येणार? ते कामही तीच करायची. मी कपाळावर हात मारून घेतला. दोघांनाही वेड लागलं होतं.

तिसऱ्या भेटीला बाईंनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे मी. मी लग्न केलं नाही, पहिल्यापासून यांच्याकडेच राहते, आणि खरं सांगू का, ते घर माझ्यावाचून एक दिवस चाललं नसतं. याचा निरोप तिला आणि तिचा निरोप याला, दिवसातून पन्नास वेळा कोण पोचवतं? मीच की.

दादाने बाईंच्या टेबलावर नकाशा पसरला. अगदी उत्तर दिशेच्या बाणासकट. निळा ठिपका दादा, लाल ठिपका वहिनी. सरासरी अंतर दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर. सगळ्यात कमी बत्तीस सेंटिमीटर, तेही सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, चहाचा कप देताना, चार सेकंद. आणि जेवणाच्या टेबलाशी म्हणा, सोफ्यावर म्हणा, निळ्या आणि लालच्या बरोबर मधे एक काळा चौकोन. त्याच्याखाली सुबक अक्षरात लिहिलेलं, अडथळा क्रमांक एक.

मी विचारलं, हे कपाट का रे?

दादा म्हणाला, "ती तू आहेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेतात विहीर असते, झाड असतं, विजेचा खांब असतो, आणि घरात मी! ज्याच्या शर्टाची तुटलेली बटणं आजवर मी लावली, त्याने मला चौकोनात बसवलं! मी बोलत सुटले. बाईंनी अडवलं नाही. मी दमल्यावर एवढंच विचारलं, की बदलीचं मला कधी कळलं.

मला ते पत्र ताटाशेजारी यायच्या महिनाभर आधी कळलं होतं. वहिनीनेच सांगितलं होतं, दादाच्या कानावर घाल म्हणून. मी घातलं नाही. वाटलं, राग निवळेल, कशाला उगाच. खरं म्हणजे ती गेली असती तर मी कुणाचे निरोप कुणाला दिले असते?

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. महिनाभर ती समजत होती की यांना माहीत आहे आणि तरी हे गप्प आहेत. मग तिने नकाशाशेजारची टेप उचलली. टेपचं टोक दादाच्या हातात दिलं, डबी स्वतः घेतली आणि तरातरा दाराबाहेर चालू लागली. बाहेर बाकावर ताटकळलेल्या जोडप्यांनी टेपसाठी मुकाट पाय वर घेतले. ती जिन्याशी जाऊन थांबली.

आता मोजणीची रीत अशी, की डबीवाला लांब गेला की मोजणीदार जागेवरून ओरडतो, अंतर दे. म्हणजे आकडा सांग. दादाने सवयीने तोंड उघडलं.

"अंतर..." एवढंच आलं. मग टोक घट्ट धरून म्हणाला, "मला अंतर देऊ नकोस गं."

बाकावरची एक बाई रडायला लागली.

"नऊ मीटर चाळीस," वहिनी म्हणाली. "आता तुम्ही या."

हातातलं टोक सोडलं की मोजणी बाद होते. तीस वर्षांत दादाने ते मधेच कधी सोडलं नव्हतं. त्याने सोडलं. टेप सरसर गुंडाळत गेली आणि तिच्यामागून हा, चपला न घालता.

मीही लगबगीने उठले. पर्स काखेत मारली, दाराकडे वळले.

बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा."

मी बसले. जिन्याशी ती दोघं बोलत होती, आणि मला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.