लाल स्टिकरचा जार

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या तिघांबरोबर दर गुरुवारी बसतो, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांमध्ये माझं जे काही नाव आहे — ते थेट याच गोष्टीवर उभं आहे, आणि त्याला हात लावायची माझी छाती होत नाही.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. मापायची साधनं तपासणं, हेच माझं काम. पट्ट्या, गेज, वजनकाटे, द्रव मोजायचे जार — सगळं वर्षातून एकदा माझ्या टेबलावरून जातं. बरोबर असेल त्याला हिरवा स्टिकर, चुकत असेल त्याला लाल. लाल लागला की वस्तू कुलपाच्या कपाटात, आणि कारण रजिस्टरमध्ये. बावीस वर्षं हेच करतोय. बायको म्हणते, तुम्हाला पोळीसुद्धा मोजून वाढायला पाहिजे. चेष्टेत म्हणते, पण मला ते ऐकायला आवडतं. आवडायचं.

आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. दुपारी आम्ही चौघे मोशीच्या अलीकडच्या एका बारमध्ये बसायचो. तिथे नळाची बिअर चांगली मिळायची — मेनूवर अर्धा लिटर लिहिलेलं, काचेचा मग मात्र त्याहून मोठा आणि त्यावर मापाची रेघ नाही. म्हणजे आत बिअर किती आणि वर फेस किती, हा सगळा नळावरच्या माणसाच्या हातचा खेळ. नळावर ज्ञानोबा असायचा. पन्नाशीचा, बारीक, अहमदपूरकडचा. मी उदगीरचा. पहिल्याच दिवशी माझ्या बोलण्यावरून त्याने मुलूख ओळखला, आणि तेव्हापासून आमचं टेबल त्याचं झालं. त्याची बायको तिथेच स्वयंपाकघरात भाकरी थापायची आणि दोघं हॉटेलच्या मागच्या खोलीत राहायचे.

बिअर कमी मिळते, ही तक्रार तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. हिंजवडीतली पोरं फेसाळलेल्या ग्लासांचे फोटो मोबाइलवर टाकायची. आमच्यातला सुनील एकदा मला म्हणाला, "राव, तू कंपनीत केसाएवढा फरक पकडतो आणि इथं चार बोटं फेस पितो."

बाकीचे हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं — तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्याने? हो. एवढ्याशानेच.

पुढच्या गुरुवारी मी जार घेऊन गेलो. हिरव्या स्टिकरचं साधन गेटबाहेर नेता येत नाही, त्याची नोंद असते. म्हणून मी लाल कपाटातला प्लास्टिकचा एक जार उचलला, स्टिकर नखाने सोलून काढला आणि पिशवीत टाकला. लाल का लागला होता, ते बघितलं नाही. काहीतरी बारीकसारीक असेल, म्हटलं, बिअरच तर मोजायची आहे. माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी लेखी समज दिली असती. खरंच दिली असती.

बिअरचा मग आला तसा मी तो जारमध्ये ओतला. फेस बसेपर्यंत घड्याळ लावून थांबलो. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उठून आली. बिअर चारशे चाळीसवर थांबली. मी पक्क्या शाईच्या मार्करने तिथे काळी रेघ मारली आणि मालकाला बोलावलं. मालक शेठ लगबगीने आले. मी त्यांच्याशी ऑडिटला बोलतात तसा बोललो — आवाज न चढवता, आकड्यांत. सांगायला लाज वाटते, पण मला त्या वेळी फार बरं वाटत होतं.

शेठनी ज्ञानोबाला पुढे घेतलं. त्याने जारकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सायेब," तो म्हणाला, "तुमचा मग म्या कदीच कमी भरला न्हाई."

"ज्ञानोबा, कंपनीचं माप आहे हे," मी म्हणालो. "ते चुकत नाही."

शेठनी त्याला तिथल्या तिथे काढलं — ग्राहकांना फसवणारा माणूस मला नको, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नोकरी गेली म्हणजे खोलीही गेली. आम्ही जेवून बाहेर पडलो तेव्हा त्याची बायको मागच्या दोरीवरून लुगडं काढत होती. ओलंच होतं, तरी घडी घालत होती. मी ते पाहिलं आणि गाडीत बसलो. सुनीलने पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट कंपनीभर झाली. साहेबांनीसुद्धा मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं: माणसाची नजर अशी पाहिजे.

मग भात बिघडला.

हसू नका. तो जार पिशवीतच राहिला होता. बायकोने तो घासून भाताचं पाणी मोजायला घेतला, कारण त्यावर आकडे होते. तीन दिवस भात गिचका. आमच्या घरी भात कधी बिघडत नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, तुमच्या कंपनीच्या मापाने पाणी जास्त पडतंय, मला आपली वाटीच बरी. मी घास हातात धरून बसलो. पाणी जास्त पडतंय? म्हणजे जार दाखवतो कमी — आणि असतं जास्त?

फ्रिजवर पाण्याची सीलबंद बाटली होती, अर्ध्या लिटरची. ती फोडून मी ओट्यापाशी उभ्या-उभ्या जारमध्ये ओतली. पाणी चढत गेलं आणि थांबलं. कुठे थांबलं असेल? माझ्याच काळ्या रेघेवर. बरोबर रेघेवर — ना वर, ना खाली.

बायको काय झालं म्हणून विचारत होती. मनात एकच येत होतं की हे शक्य नाही. तो माणूस फेसाच्या आडून, नुसत्या हाताच्या अंदाजावर, बरोबर अर्धा लिटर भरत होता. आणि मी, बावीस वर्षं मापं तपासणारा मी, त्याला खोटं पाडून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीत पोचताच रजिस्टर उघडलं. जारचा नंबर सापडला. पुढे कारण लिहिलेलं: गरम पाण्याने पोट फुगले आहे, प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो, वापरू नये. खाली सही. अक्षर माझं, सहीही माझी. दोन वर्षांपूर्वी मीच तपासून बाद केला होता. हाताखालचा मुलगा चहा ठेवून गेला तो तसाच गार झाला.

इथवर चूक होती, म्हणाल तुम्ही. चूक होते माणसाकडून. म्हणून पुढचं सांगतो.

त्या गुरुवारी मी ठरवून गेलो की शेठना बाजूला घ्यायचं, खरं सांगायचं आणि ज्ञानोबाचा पत्ता घ्यायचा. नळावर नवीन माणूस होता. आमचे मग आले. माझी नजर आता त्यावर बसली होती. माझा मग कमी होता, चांगला दोन बोटं कमी, आणि वर फेस. सुनीलने घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाला, बघा, याच्यामुळे माप कसं सरळ आलं. बाकीच्या दोघांनी माझ्याकडे बघून आपापले मग उंचावले. शेठनी खुशीने आमच्या टेबलाला मसाला पापड पाठवला.

मी पापड खाल्ला. कमी भरलेला मग संपवला. बोललो नाही. त्यानंतरच्या गुरुवारीही नाही. दर वेळी वाटायचं की आज सांगू — आणि दर वेळी कुणीतरी नव्या माणसाला जारची गोष्ट सांगायला घ्यायचं.

सहा-सात महिने गेले. निघोजेला आमचा दुसरा प्लांट आहे, मला तिथे हलवलं. पहिल्याच दिवशी कँटीनच्या रांगेत ताट घेऊन पुढे सरकलो, तर ताकाच्या काउंटरवर ज्ञानोबा. डोक्याला जाळीची टोपी. मला पळून जावंसं वाटलं. खरंच, ताट टाकून. पण त्याने मला आधीच पाहिलं होतं, आणि तो हसला.

रांग ओसरल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. बायको गावी आहे, म्हणाला, इथे ठेकेदाराच्या खोलीत सहा जणांत तिला कुठे ठेवणार. बारमध्ये शेठ मागेच लागायचे, म्हणाला, दोन बोटं कमी भर, वर फेस मार. याचा हात ऐकायचा नाही, त्यावरून रोज बोलणी खायचा. हे सगळं त्याने तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं. मला तेव्हा कळलं की शेठना त्या दुपारी माझ्याकडून काय मिळालं होतं — त्याला काढायचं निमित्त. आता सांग, मी स्वतःला म्हणत होतो. आता तरी.

तेवढ्यात तोच म्हणाला, "सायेब, त्या दिशी तुमचा मग कसा कमी पडला, म्या लई इचार केला. पर कंपनीचं माप व्हतं. ते कसं चुकंल? माजाच हात चुकला आसंल. मनावर घिऊ नका."

तो माझी माफी मागत होता. कळतंय का तुम्हाला? माझी.

ज्या हातावर त्याचा जन्मभर भरवसा होता, त्या हातावरचा भरवसा मी काढून घेतला होता. जुन्या प्लांटमध्ये रजिस्टर होतं, सही होती, घरी माळ्यावर तो जार अजून होता. एक वाक्य पुरे होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या ज्ञानोबा. होतं असं कधी कधी."

मी त्याला माफ केलं. हे सांगायचं होतं. जार नाही, गप्प बसणं नाही — हे.

त्याचा चेहरा मोकळा झाला. तेव्हापासून तो माझं ताक वेगळं भरतो. भरून झाल्यावर ग्लास डोळ्यांसमोर उजेडात धरतो, काठापर्यंत आलंय का ते बघतो, पुन्हा थोडं ओततो, आणि मग माझ्यापुढे धरून विचारतो, "बगा सायेब, बराबर हाय का?"

आजही विचारलं. मी बरोबर आहे म्हणालो.