टेबलावर आलेला नवा खेळाडू

निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण एका ताबा पावतीवर सही करता करता मी थांबलो, तो दिवस विसरलेलो नाही.

तेव्हा मी बारामती तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पिंपळीचा एक दुधाच्या टँकरचा चालक, वय पस्तीस, बेपत्ता होता. भांडणात त्याने वडिलांवर हात उचलला आणि मोबाईल घरीच टाकून निघून गेला. मिसिंगची नोंद झाली. नवव्या दिवशी कालव्यात मृतदेह सापडला. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. वडिलांना, म्हणजे आबांना, शवागारात नेले. म्हातारा शर्टाकडे बघून एवढेच म्हणाला, "माझाच हाय. द्या आमच्या ताब्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी मृतदेह सोपवायचे कागद तयार होते, मी ताबा पावतीवर सही करत होतो. तेवढ्यात इंदापूरचा एक औषध दुकानदार ठाण्यात आला. तो बेपत्ता चालकाचा जुना मित्र.

"साहेब, त्यो जित्ता हाय. कालच त्याच्यासंगं पोकर खेळलो."

दोघे कित्येक वर्षे मोबाईलवर पोकर खेळत. पैसे लावत नसत, फुकटच्या चिप्स. दुपारच्या सुट्टीत एका खुल्या टेबलावर रोजचेच पंधरा-वीस जण येत. चार दिवसांपूर्वी तिथे एक नवे नाव आले होते.

"नाव नवं, मग तोच कशावरून?" मी विचारले.

"खेळण्यावरून. भारी पानं आली की त्यो लई वेळ लावतो आन् थोड्याच चिप्स टाकतो. हातात काय नसलं की लगीच सगळ्या ढकलतो, समोरच्याला भ्या दाखवायला. आन् हरला की पुढचा डाव खेळत न्हाय, नुसता बसून ऱ्हातो."

खोटे बोलणारा सहसा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. हा मोजकेच बोलत होता. तरी असे खेळणारे पुष्कळ असतील. मी त्याला समोर बसवून खेळ सुरू करायला लावला. सव्वा वाजता ते नवे नाव आले. पाने उघडण्याआधी त्या नावाच्या हातात काय असेल ते दुकानदाराने सांगायचे, असे ठरवले. पाच डावांपैकी चार वेळा दुकानदाराचा अंदाज बरोबर निघाला. हरल्यावर त्या नावाने खरोखरच पुढचा डाव सोडला.

मग मी दुकानदाराला खेळातल्या चॅटवर लिहायला सांगितले, "आबांनी तुझा म्हणून दुसऱ्याचा मुडदा वळखलाय."

खेळायची पाळी त्या नावाची होती. वेळ संपली, पाने आपोआप टाकली गेली.

"गेला बघा," हवालदार म्हणाला.

गेला नव्हता. अनोळखी माणसाने 'कोण आबा?' असे विचारले असते, नाहीतर शिवी दिली असती. हा न खेळता, न बोलता टेबलावर बसून होता. चौकशीच्या खोलीत अशी शांतता मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. तीन डाव तसेच गेले. मग अक्षरे उमटली: "आबा कसं हायत?"

दुकानदाराने तिथेच डोळे पुसले.

मग चालकाने स्वतःच ठिकाण कळवले. तो भिगवणकडे मासळीच्या वजनकाट्यावर काम करत होता आणि मालकाच्या फोनवर खेळत होता. मी हवालदार आणि म्हाताऱ्याला घेऊन जीपने निघालो. वाटेत विचारले, "आबा, शवागारात तुमची खात्री होती?"

"शर्ट तसलाच व्हता. आन् वाटलं, बापाला मारून गेलाय, आता परत कशाला येतोय."

मुलगा ओल्या हातांनी समोर आला, मान वर करेना. म्हाताऱ्याने त्याचा ओला हात धरला.

"चल घरी. पयला हात म्याच उचलला व्हता. ह्ये साहेबांना बी सांगितलं न्हाय."

म्हाताऱ्याचा जबाब मीच नोंदवला होता. पहिला हात कोणी उचलला, हे मी विचारलेच नव्हते. शवागारातही तो शर्टापलीकडे काही बोलला नाही, आणि मी 'ओळख पटली' असे लिहून मोकळा झालो. मलाही प्रकरण मिटवायचे होते. समोरचा काय म्हणतो यापेक्षा तो किती वेळ घेतो आणि कुठे गप्प होतो, याकडे बघायचे, हे त्या दुकानदाराला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

दोन आठवड्यांनी सोलापूरकडची एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन ठाण्यात आली. त्याच्या डाव्या पायात सळई बसवलेली होती. कालव्यातल्या मृतदेहाच्या शवविच्छेदन अहवालातही ती नोंद होती, मी ती वाचून पुढे गेलो होतो. ताबा पावतीवर तिची सही घेताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.